मुद्रणकला आणि मराठी ख्रिस्ती समाज : गोव्याच्या पहिल्या छापखान्यापासून आजपर्यंत

गोवंडी आणि देवनार हा परिसर मुंबईत ओळखला जातो तो कचराभूमीमुळे. १९२७ सालापासून शहराचा कचरा येथे येऊ लागला आणि त्यातून कागद, पत्रा, काच व प्लास्टिक निवडून विकण्यावर येथील अनेक कुटुंबांचा चरितार्थ चालत आला. रद्दीच्या वखारीत घटकाभर उभे राहिले की शहराने काय वाचले आणि काय टाकून दिले ते समजते : शाळेच्या वह्या, जुनी पंचांगे, लग्नपत्रिका, वर्तमानपत्रांचे गठ्ठे आणि अधूनमधून मुखपृष्ठ गेलेले एखादे प्रार्थनापुस्तक. कागदाचा लगदा होण्यापूर्वीचा हा त्यांचा शेवटचा मुक्काम.

मराठी ख्रिस्ती ग्रंथांच्या इतिहासाकडे पाहताना या वखारीची आठवण यावी, अशी एक गोष्ट आहे. मराठीतील पहिला छापील ग्रंथ म्हणून ज्याला मान दिला जातो ते फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात राशोल येथे छापले गेले. पुढे १६४९ व १६५४ साली त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही आवृत्त्यांपैकी एकही छापील प्रत आज कोठे असल्याचे ज्ञात नाही. ग्रंथ आपल्यापर्यंत आला तो हातांनी उतरवून घेतलेल्या पोथ्यांमुळे. छापखान्याने जे दिले ते हरवले आणि बोरूने जे राखले ते टिकले. छपाईमुळे ग्रंथ अमर होतात असे आपण शाळेत शिकलो. आपल्याच समाजाच्या बाबतीत असे उलटे का घडले, हे पाहण्यासाठी मुद्रणाचा इतिहास थोडा मागून चाळावा लागेल.

युरोपातील आरंभ

मुद्रणाचा शोध एका दिवसात वा एकाच देशात लागलेला नाही. चीनमध्ये लाकडी ठशांवरून छापलेले 'वज्रसूत्र' इ. स. ८६८ मधले आहे आणि कोरियात धातूच्या सुट्या खिळ्यांनी छापलेला बौद्ध ग्रंथ १३७७ सालचा आहे. युरोपात जर्मनीतील माइन्झ शहरी योहान गुटेनबर्ग यांनी ओतीव खिळे, तेलकट शाई आणि दाबयंत्र यांची सांगड घालून १४५५ च्या सुमारास पानाला ४२ ओळी असलेले लॅटिन बायबल छापले. त्याच्या सुमारे १८० प्रती निघाल्या असे अभ्यासक मानतात. मठातील लेखनिकाला एक बायबल उतरवण्यास वर्ष आणि कधीकधी त्याहून अधिक काळ लागत असे, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचे मोल कळते.

त्याच काळात माइन्झमध्ये पापदंडमाफीची छापील पत्रकेही निघाली. नाव आणि तारीख भरण्यापुरती जागा मोकळी सोडलेली ही पत्रके म्हणजे आजच्या छापील अर्जाची पूर्वजच. पुढे १५१७ साली मार्टिन ल्यूथर यांनी या माफीच्या व्यवहारावर जी टीका केली ती छापखान्यांमुळेच अल्पावधीत जर्मनीभर पसरली. यंत्र तेच, पवित्र शास्त्रही त्यानेच छापले, व्यवहारही त्यानेच छापला आणि त्या व्यवहाराचा निषेधही त्यानेच छापला. ख्रिस्तसभेने १५५९ साली निषिद्ध ग्रंथांची सूची काढली, ती १९६६ साली रद्द झाली. ख्रिस्तसभेचे छापखान्याशी असलेले नाते असे आरंभापासूनच दुहेरी आहे : त्याच्यावाचून चालत नाही आणि त्याचे भयही वाटते. गोव्यात हे दोन्ही अधिक ठळकपणे दिसून आले.

अ‍ॅबिसिनियाला निघालेला छापखाना

हिंदुस्थानातील पहिला छापखाना हिंदुस्थानासाठी आलाच नव्हता. १५५६ च्या मार्च महिन्याअखेर लिस्बनहून निघालेल्या जहाजांवर अ‍ॅबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला, जाणारे येशूसंघीय होते. त्यांच्याबरोबर छपाईचे यंत्र, एक स्पॅनिश मुद्रक ब्रदर हुआन द बुस्तामांते आणि त्यांच्या मदतीला छपाईचे काम जाणणारा एक हिंदी मनुष्यही होता. या मनुष्याचे नाव कागदपत्रांत आलेले नाही. आपल्या देशातला पहिला मुद्रणकामगार अनामिक राहिला, याची आम्हांला नेहमी रुखरुख वाटते.

६ सप्टेंबर १५५६ रोजी ही मंडळी गोव्यास पोहोचली. अ‍ॅबिसिनियाचा मार्ग खुला होण्याची चिन्हे दिसेनात, तेव्हा यंत्र गोव्यातील सेंट पॉल कॉलेजात मांडले गेले आणि त्याच वर्षी तेथे विद्यार्थ्यांच्या वादसभेसाठी तत्त्वज्ञानविषयक प्रमेये छापली गेली. १५५७ साली संत फ्रान्सिस झेवियर यांची 'धर्मशिकवण' छापून झाली. संत झेवियर १५५२ सालीच निवर्तले होते. हे पुस्तक त्यांना पाहायला मिळाले नाही. या आरंभीच्या छपाईतले काहीही आज उरलेले नाही. गोव्यात छापलेले जे सर्वांत जुने पुस्तक आज उपलब्ध आहे ते गोव्याचे पहिले महागुरुस्वामी गास्पार द लियाँव यांचे १५६१ सालचे, ख्रिस्ती जीवनावरील पोर्तुगीज पुस्तक.

मुंबईकराने मुद्दाम लक्षात ठेवावे असे पुस्तक मात्र १५६३ चे आहे. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने हिंदुस्थानातील औषधी वनस्पतींविषयी लिहिलेला संवादरूप ग्रंथ गोव्यात योआंव द एंदें या मुद्रकाने छापला. हे ओर्ता म्हणजे पोर्तुगीज राजाकडून मुंबईचे बेट भाडेपट्ट्याने घेतलेले गृहस्थ. आज जेथे लाखो लोक लोकलच्या दारात लटकतात तो भाग तेव्हा एका वैद्याची वाडी होता! त्यांच्या ग्रंथाचा लॅटिन संक्षेप चारच वर्षांत अँटवर्पला प्रसिद्ध झाला आणि आपल्याकडील झाडापाल्याची माहिती युरोपभर गेली. १५६८ साली ओर्ता वारले. ते मूळचे ज्यू घराण्यातले. मृत्यूनंतर त्यांच्यावर गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याचा आरोप ठेवण्यात आला आणि १५८० साली गोव्याच्या धर्मन्यायपीठाने त्यांच्या अस्थी उकरून जाळल्या. छापखाना आणि चिता एकाच शहरात होती, हे सांगताना आम्हांला संकोच वाटतो. पण ख्रिस्तसभेचा इतिहास लिहिताना निवडक पाने फाडून टाकणे आम्हांस योग्य वाटत नाही.

सहाशे साच्यांची अडचण

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमधील विल्टशायरचे. १५७९ सालच्या ऑक्टोबरात ते गोव्यास पोहोचले आणि १६१९ साली निधन होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षे, बहुतांश साष्टीतच राहिले. येथील भाषा ते इतक्या बारकाईने शिकले की त्यांनी कोकणीचे व्याकरण लिहिले आणि मराठीत सुमारे ११ हजार ओव्यांचे पुराण रचले.

हे पुराण लिहिण्याचे कारण त्यांनी आरंभीच सांगितले आहे. धर्मशिक्षणाच्या वेळी एका नवख्रिस्ती ब्राह्मणाने त्यांना विचारले, आम्हांला पूर्वीची पुराणे वर्ज्य केली आहेत, तर त्यांच्या जागी वाचायला आमच्या भाषेत दुसरे काही द्याल की नाही? प्रश्न रास्त होता. त्याआधी अर्धशतकभर गोव्यात मराठी व संस्कृत पोथ्या जप्त करण्याची आणि जाळण्याची मोहीम चालली होती. घरातला ग्रंथ काढून घेतला की माणूस रिकाम्या कोनाड्याकडे पाहत राहतो. स्टीफन्स यांनी त्या कोनाड्यात ठेवण्यासाठी ओवीतच ग्रंथ लिहिला. लोकांना श्रवणाची सवय ज्या चालीची होती तीच त्यांनी स्वीकारली.

आता छपाईचा प्रश्न आला. ५ डिसेंबर १६०८ रोजी येशूसंघाच्या वरिष्ठांना रोमला लिहिलेल्या पत्रात स्टीफन्स यांनी आपली जुनी इच्छा कळवली : या देशाच्या भाषेत आणि याच देशाच्या लिपीत पुस्तके छापली जावीत. दक्षिणेत तमिळमध्ये तसे घडले होते. १५७८ साली कोल्लम येथे तमिळ अक्षरांत छापलेली १६ पानांची प्रश्नोत्तरी निघाली होती आणि तिचा लोकांना मोठा लाभ झाला होता. गोव्यात दोन अडचणी होत्या. पहिली वरिष्ठांच्या परवानगीची. दुसरी तांत्रिक : युरोपीय लिपीला २४ साचे पुरतात, येथे अक्षरे स्वरांसह व जोडाक्षरांसह बदलत असल्याने ६०० साचे करावे लागतील.

ज्यांनी जुन्या छापखान्यात जुळारी कामावर बसलेला पाहिला आहे त्यांना ही अडचण चटकन समजेल. देवनागरीच्या खिळ्यांच्या पेट्या एका माणसाच्या हाताच्या टप्प्यात मावत नाहीत. वेलांट्या, उकार, रफार, अर्धी अक्षरे, शिवाय 'क्ष', 'ज्ञ', 'द्ध', 'ह्म' यांसारखी स्वतंत्र ओतावी लागणारी जोडाक्षरे. प्रत्येकासाठी पोलादी ठसा कोरायचा, तांब्यावर उमटवायचा आणि शिशाच्या मिश्रधातूत ओतायचे. गोव्यात हे काम झालेच नाही. 'ख्रिस्तपुराण' रोमन लिपीत छापले गेले. मराठी शब्द, मराठी ओवी आणि अंगावर परकी अक्षरे.

त्यामागोमाग आलेली पुस्तकेही रोमन लिपीतच निघाली. स्टीफन्स यांची कोकणी धर्मप्रश्नोत्तरी १६२२ साली, त्यांच्या निधनानंतर. फ्रेंच येशूसंघीय एत्येन द ला क्र्वा यांचे संत पीटरच्या चरित्रावरील मराठी ओवीबद्ध पुराण १६२९ ते १६३४ या काळात. आणि स्टीफन्स यांचे कोकणी व्याकरण १६४० साली. हिंदुस्थानातील भाषेचे हे पहिले छापील व्याकरण मानले जाते.

रोमन लिपीचा परिणाम काय झाला? धर्मशाळेत जाऊन ती शिकलेल्या ख्रिस्ती वाचकाला ग्रंथ वाचता आला, हे खरे. परंतु त्याच्याच गावच्या, त्याच्याच रक्ताच्या पण धर्मांतर न केलेल्या भावाला तो मुळीच वाचता आला नाही. भाषा एक असूनही दोन घरांत दोन लिप्या आल्या आणि हळूहळू वाङ्मयही दोन झाले. रोमी कोकणीची पुढे एक सकस परंपरा उभी राहिली. १८८९ साली पुण्यातून निघालेले एदुआर्द ब्रूनो द सौझा यांचे नियतकालिक आणि १९३३ पासूनचे 'वावराड्यांचो इष्ट' ही तिची सन्माननीय उदाहरणे होत. मराठीला मात्र गोव्याच्या छापखान्याचा पुढे काहीच उपयोग झाला नाही. लिपीची दरी तेव्हा एका तांत्रिक अडचणीतून पडली. ती रुंदावली नंतरच्या राज्यकर्त्यांमुळे.

दीडशे वर्षांची शांतता

१६७४ नंतर गोव्यातील छपाई थांबली. २७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने फर्मान काढले की लोकांनी तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलू लागावे. स्टीफन्स यांच्या पिढीतील मिशनरींनी जी भाषा कष्टाने शिकली होती ती शिकण्याची गरजच पुढच्यांना उरली नाही. धर्मगुरू आळशी झाले, असे म्हटले तर आमच्याच वर्गाला बोल लावल्यासारखे होईल. पण फर्मानाला पाठिंबा देणाऱ्यांत धार्मिक संघातील मंडळीही होती हे नाकारता येत नाही. १७५४ साली लिस्बनहून स्पष्ट आज्ञा आली की गोव्यात कोणालाही, मठांनाही, छापखाना चालवू देऊ नये. गोव्यात पुन्हा यंत्र फिरले ते १८२१ साली. २२ डिसेंबर १८२१ रोजी सरकारी 'गझेत द गोवा'चा पहिला अंक निघाला आणि त्यासाठीचा छापखाना आणावा लागला मुंबईहून! आशियातील एका आघाडीच्या मुद्रणकेंद्राला अडीचशे वर्षांनी यंत्र बाहेरून मागवावे लागले.

या मधल्या काळात 'ख्रिस्तपुराण' कोठे होते? लोकांच्या घरी आणि लोकांच्या मुखी होते. छापील प्रती झिजल्या, वाळवीने खाल्ल्या, पावसात भिजल्या, नव्या निघेनात. म्हणून भाविकांनी पोथ्या उतरवून घेतल्या. सणावारी आणि उपवासकाळात त्यांचे वाचन होत असे. १७८४ साली टिपू सुलतानाने किनाऱ्यावरील ख्रिस्ती लोकांना श्रीरंगपट्टणला नेले तेव्हा बंदिवासात या ओव्यांनी त्यांना धीर दिला, अशी मंगळूरकडील परंपरा सांगते. मंगळूरलाच १९०७ साली जोसेफ सालढाणा यांनी पोथ्या ताडून पाहून ग्रंथ रोमन लिपीत पुन्हा छापला. १६५४ नंतरची ही पहिली छापील आवृत्ती, म्हणजे मधे अडीचशे वर्षे गेली. विशेष असे की लंडनमधील एका संग्रहात याच ग्रंथाची देवनागरी पोथी होती. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात डॉ. जस्टिन अ‍ॅबट यांनी ती उजेडात आणली. देवनागरीत छापील 'ख्रिस्तपुराण' मराठी वाचकाच्या हाती पडले १९५६ साली, शांताराम बंडेलू यांच्या संपादनामुळे. त्यानंतर १९९६ साली फादर कारिदाद द्रागो यांची आणि २००९ साली फादर नेल्सन फलकाव यांची मराठी गद्य रूपांतरासह आवृत्ती आली. ज्या लिपीत छापावे म्हणून स्टीफन्स १६०८ साली रोमला विनवत होते, त्या लिपीत ते छापण्यास सुमारे साडेतीनशे वर्षे लागली.

येथे आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात कोकणी व मराठीतील महाभारत-रामायणकथांच्या सोळाव्या-सतराव्या शतकातील प्रती आहेत, त्याही रोमन लिपीत. येशूसंघीयांनी भाषा शिकण्यासाठी त्या उतरवून घेतल्या होत्या. गोव्यातील मूळ पोथ्या नष्ट झाल्या. ज्यांच्या काळात त्या जाळल्या गेल्या, त्यांच्याच अभ्यासाच्या वह्यांत त्या शिल्लक राहिल्या.

श्रीरामपूर, मुंबई आणि तुपाची शाई

देवनागरीचे खिळे मराठीच्या सेवेस आले ते गोव्यातून नव्हे, बंगालमधून. कलकत्त्याजवळील श्रीरामपूर येथे बाप्टिस्ट मिशनरी विल्यम कॅरी यांनी १८०५ साली मराठीचे व्याकरण आणि मत्तयकृत शुभवर्तमान छापले. त्यांना मराठी शिकवणारे पंडित वैजनाथ शर्मा हे होते. ठसे कोरण्याची कला तेथे पंचानन कर्मकार या बंगाली कारागिराने रुजवली होती. साचे सहाशे असोत की अधिक, ते करणारा हात शेवटी येथल्याच लोहाराचा निघाला. श्रीरामपूरने १८१० चा मराठी शब्दकोश मोडी लिपीत छापला, कारण व्यवहारात मराठी माणूस मोडीच लिहीत होता. पण पुढे छपाईला बाळबोध सोयीची पडली, शाळेची पुस्तके बाळबोधीत निघाली आणि मोडी मागे सरली. आज घरातले पणजोबांचे कागद वाचायला तज्ज्ञ शोधावा लागतो, तो छापखान्याने केलेल्या या निवडीमुळे.

मुंबईत इंग्रजी अमदानीच्या आरंभीच, १६७४ साली, सुरतेचे व्यापारी भीमजी पारेख यांच्या आग्रहावरून एक इंग्रज मुद्रक आला होता. परंतु त्याला देशी अक्षरांचे ठसे कोरता येईनात आणि भीमजींचा बेत फसला. मराठी छपाई सुरू झाली ती अमेरिकन मिशनच्या छापखान्यात, १८१७ साली. या मिशनचा धर्मप्रसार हा तिचा हेतू होता. परिणाम मात्र त्या हेतूपेक्षा फार दूरवर गेले. कारण त्या छापखान्यात काम शिकलेली येथील माणसे बाहेर पडली आणि त्यांनी आपापले छापखाने काढले.

त्यांतले गणपत कृष्णाजी हे भंडारी समाजातील गृहस्थ. त्यांनी शिळाछापाचे यंत्र स्वतः तयार करवले, शाई स्वतः बनवली आणि १८३१ साली मराठी पंचांग छापले. छापील कागदाला हात लावावा की नाही अशी सनातनी लोकांना शंका होती, कारण शाईत चरबी असते असा समज होता. गणपत कृष्णाजींनी शाईत तूप वापरून तो प्रश्न मिटवला. पंचांग ही वस्तू लहान दिसते, पण तिचा परिणाम पाहा : तिथी, सण, मुहूर्त कळण्यासाठी ज्या घराला जोशीबुवांच्या हस्तलिखितावर अवलंबून राहावे लागे, ते घर आता स्वतः पान उलटून पाहू लागले. १८६९ साली 'निर्णयसागर' स्थापन करणारे जावजी दादाजी हेदेखील लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात उमेदवारी केलेले. त्यांच्या खिळ्यांनी मराठी व संस्कृत छपाईला जे सौष्ठव आणले ते पुढे कित्येक दशके आदर्श मानले गेले.

६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकर यांनी 'दर्पण' सुरू केले. मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी. १८४२ साली अहमदनगरहून, म्हणजे आजच्या अहिल्यानगरहून, 'ज्ञानोदय' निघाले. १८४५ साली 'ज्ञानेश्वरी' छापून आली. साडेपाचशे वर्षे पोथीत आणि कीर्तनात वावरलेला ग्रंथ विकत घेता येऊ लागला. १८७३ साली जोतीराव फुले यांचे 'गुलामगिरी' निघाले आणि ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या प्रेरणेने मुंबईतून 'मूकनायक'चा पहिला अंक बाहेर पडला. ज्यांना पिढ्यान्पिढ्या अक्षर शिवू दिले नव्हते त्यांनी आपल्या नावाचे पत्र काढले. मुद्रणाने समाजात कोणता पालट घडवला असे कोणी विचारले तर आम्ही प्रथम याच घटनेकडे बोट दाखवू. आमच्या गोवंडीतील वस्त्यांत याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

स्त्रियांच्या हातचे बायबल आणि खेड्यातला 'निरोप्या'

पंडिता रमाबाई या काही कॅथलिक नव्हत्या, तरीही केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्याचा उल्लेख येथे हवाच. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून मूळ भाषांवरून सोप्या मराठीत संपूर्ण बायबल भाषांतरित केले. दुष्काळातून व वैधव्यातून वाचवलेल्या मुलींना त्यांनी खिळे जुळवणे, यंत्र चालवणे, बांधणी करणे शिकवले. एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई निवर्तल्या. दोन वर्षांनी, १९२४ साली, ते बायबल छापून पूर्ण झाले. ज्यांना सासरी-माहेरी जागा नव्हती अशा स्त्रियांच्या बोटांनी पवित्र शास्त्राचे एकेक अक्षर जुळवले गेले.

कॅथलिक ख्रिस्तसभेकडे वळायचे तर मुंबईत इंग्रजी वाचणाऱ्या कॅथलिकांसाठी १८५० पासून 'एक्झामिनर' साप्ताहिक होते. परंतु मराठी कॅथलिक वाचकाला स्वतःचे नियतकालिक मिळाले १९०३ साली आणि तेही शहरात नव्हे. राहुरी तालुक्यातील केंदळ या खेड्यात जर्मन येशूसंघीय फादर हेन्री डोरिंग यांनी 'निरोप्या' हे मासिक सुरू केले. हेच डोरिंग १९०७ साली पुण्याचे बिशप झाले. ज्या गावांत वाचता येणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती, तेथे मासिक काढणे हे धाडसच. अशा वस्तीत एकाने मोठ्याने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे, ही रीत 'ख्रिस्तपुराणा'च्या काळापासूनची. पुढे नगर, संभाजीनगर, जालना या भागांतून कामधंद्यासाठी मुंबईला आलेली आपली अनेक कुटुंबे गोवंडी, चेंबूर, मानखुर्द येथे स्थिरावली. त्यांच्या ट्रंकेत कपड्यांखाली 'निरोप्या'चे अंक आणि गावाकडची गीतांची पुस्तके येत असत. वसईत 'सुवार्ता' मासिकाने हेच कार्य वेगळ्या बोलीच्या लोकांत केले. त्याचे दीर्घकाळ संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' सर्वदूर वाचले गेले आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद, म्हणजे धाराशिव, येथील ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले. २५ जुलै २०२४ रोजी ते देवाघरी गेले.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनाविषयक आज्ञापत्र प्रसिद्ध केले आणि लोकभाषेत मिस्सा होण्याचा मार्ग खुला झाला. तोवर लॅटिन मिस्सा ऐकणारा भाविक हातात जपमाळ धरून बसे. आता त्याच्या हाती पुस्तिका आली. सायक्लोस्टाइलवर काढलेली, निळसर शाईची, बोटांना डाग पाडणारी ती पाने ज्येष्ठांना आठवत असतील. भाविक उपासनेत तोंडाने भाग घेऊ लागला तो या स्वस्त छपाईमुळे, हे धर्मशास्त्राच्या पुस्तकांत सहसा लिहिलेले नसते.

पुन्हा रोमन अक्षरे

स्टीफन्स यांचे सहाशे साचे आता कोणालाही ओतावे लागत नाहीत. हातातल्या फोनमध्ये देवनागरीची सगळी अक्षरे, सगळ्या जोडाक्षरांसह, फुकट बसलेली आहेत. आणि तरीही धर्मग्रामातील युवकांच्या संदेशांकडे पाहिले तर प्रार्थनेचे हेतू, गीतांच्या ओळी, मृत्यूच्या वार्ता, सारे मराठीत पण रोमन अक्षरांत लिहिलेले दिसते. वाचनपाठ करायला उभी राहणारी मुले पुष्कळदा आईकडून तो पाठ रोमन अक्षरांत लिहून घेतात, कारण इंग्रजी माध्यमाच्या शाळेत देवनागरी वाचनाचा सराव राहत नाही. १६१६ साली छापखान्याला जमत नव्हते म्हणून मराठी परक्या अक्षरांत गेली. आज सर्व काही जमत असताना ती आपणहून तिकडे चालली आहे. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. प्रार्थना कोणत्याही अक्षरांत लिहिली तरी देवाला पोहोचते. प्रश्न देवाचा नसून आजीचा आहे : नातवाने पाठवलेला संदेश तिला वाचता येत नाही आणि तिचे प्रार्थनापुस्तक नातवाला वाचता येत नाही. चारशे वर्षांपूर्वी साष्टीतल्या दोन भावांत जी भिंत आली, ती आता एकाच खोलीत दोन पिढ्यांमध्ये उभी राहू पाहते. या कारणाने आमच्या धर्मशिक्षणवर्गांत आठवड्यातून एक पाठ देवनागरीतून मोठ्याने वाचून घेण्याची पद्धत ठेवावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुसरी विनंती रद्दीविषयी. घर बदलताना, इमारत पुनर्विकासाला जाताना, वडीलधारे माणूस गेल्यावर ट्रंका रिकाम्या होतात आणि जुनी पुस्तके प्रथम बाहेर पडतात. 'निरोप्या'चे जुने अंक, गीतांच्या पुस्तिका, धर्मप्रश्नोत्तरी, मिस्साच्या सायक्लोस्टाइल प्रती, नवस व सणांची पत्रके, हे काहीही असले तरी रद्दीवाल्याच्या काट्यावर चढवण्यापूर्वी एकदा धर्मग्रामाच्या कार्यालयात दाखवावे. किलोमागे मिळणारे चार पैसे पाहिजेच असतील तर आम्ही देऊ. मुखपृष्ठ नसले तरी चालते. १८६७ च्या कायद्यानुसार प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचे व छापखान्याचे नाव-ठिकाण छापणे बंधनकारक झाले. ती बारीक ओळ बहुधा शीर्षकपानाच्या मागे किंवा अगदी शेवटच्या पानाच्या तळाशी असते. पुस्तक कोठले आणि साधारण कोणत्या काळातले हे तेवढ्यावरून कळू शकते. म्हणून पाने सुटी झाली असतील तर शेवटचे पान तेवढे आठवणीने सोबत आणावे.